बाईचं फावडं

भट्टीतली राख ओढायची वेळ झाली की भट्टीवाला आधी एक फावडं ताजा कोळसा जाळीच्या कडेला टाकायचा. मधोमध नाही, कडेला. तिथं आच कमी असायची, म्हणून तो कोळसा पुरता जळायचा नाही. वरून भाजलेला, आतून काळाच, असा तो राखेबरोबर बाहेर यायचा. त्या फावड्याला आम्ही बाईचं फावडं म्हणत होतो. त्यावर आमच्या वस्तीतल्या सिगड्या पेटायच्या आणि उरलेला कोळसा विकून घरात तेल-मीठ यायचं. हे फावडं कसं बंद झालं आणि त्याच्या बदल्यात आम्ही काय घेतलं, ते मी सांगते आहे. मी चौथीपर्यंत शिकले, त्यामुळे भट्टीचं शास्त्र मला विचारू नका. जे डोळ्यांनी पाहिलं तेवढं लिहिते.

कारखाना लोखंडाचा होता, नागपुरातच, उमरेड रोडच्या अंगाला. आता शहरात आलेलं हुडकेश्वर तेव्हा वेगळं गाव होतं, मध्ये शेतं होती. जुन्या लोखंडाचे तुकडे भट्टीत लालबुंद करायचे, फिरत्या रोलांमधून दाबून काढायचे आणि त्यांच्या सळ्या करायच्या, असं ते काम. भट्टी कोळशाची. कोळसा उमरेडच्या खाणीचा आणि कधी इकडून तिकडून मिळेल तो. त्यात दगड भरपूर असायचे.

माझा नवरा त्या भट्टीवर होता. त्याआधी तो विणकर होता. आमची दोन्ही घरं उमरेडची, मागावर वाढलेली. यंत्रमागाचं स्वस्त कापड गांधीबागेच्या कापडबाजारात यायला लागलं तसे हातमाग बंद पडत गेले. मग कोणी हमाली धरली, कोणी रिक्षा, कोणी खाणीत गेलं. आमच्याकडचे बरेच जण या लोखंडाच्या कारखान्यात आले. ज्या हातांनी धोटा फेकला त्या हातांनी फावडं धरलं. रडत बसायला कोणाला वेळ नव्हता.

बाईचं फावडं हे त्या मागावरूनच आलं. मागावरचं कापड पुरं झालं की ताण्याचा शेवटचा थोडा भाग विणता येत नाही. ते धागे कापून टाकावे लागतात. आमच्यात ते धागे घरच्या बाईचे. ती त्यांच्या दोऱ्या वळेल, गोधडी शिवेल, विकेल, कोणी विचारायचं नाही. मोठे विणकर तर मुद्दाम जरा जास्त लांब धागा सोडायचे. बाईला चिंधीएवढं सोडणारा माणूस हलका समजला जायचा. हेच लोक भट्टीवर आले आणि त्यांनी शेवटचं फावडं सोडायला सुरुवात केली. कोणी ठरवून केलं नाही. हाताला सवय होती.

सेठला हे ठाऊक होतं. तो डोळेझाक करायचा, कारण त्याचाही फायदा होता. भट्टीच्या मागच्या दारातून पडणारी गरम राखड घमेल्यांनी उचलून भिंतीपलीकडे नेऊन टाकायचं काम आम्ही बाया करत होतो. त्याचा पगार नाही. राखड उचला, त्यातला कोळसा तुमचा, असा तो व्यवहार होता. हजेरीत आमचं नाव नव्हतं. पाय भाजला तर तो आमचा पाय.

भिंतीपलीकडच्या ढिगावर प्रत्येकीची जागा ठरलेली होती. सगळ्यात चांगली जागा, म्हणजे कडुनिंबाच्या सावलीतली, एका म्हाताऱ्या विधवा बाईची होती. तिला सगळ्या मावशी म्हणायच्या. तिचा नवरा त्याच भट्टीवर काम करून मेला होता. मूलबाळ नव्हतं. आमच्या घरात निदान पगार यायचा. तिच्या घरात त्या ढिगातून निघेल तेवढंच. ती वेचलेला कोळसा डोक्यावर घेऊन गांधीबागेमागच्या रंगाऱ्यांकडे विकायची, चालत. तोंडाने भारी फटकळ होती. माझं आणि तिचं कधी पटलं नाही.

"काय वं उमरेडवाली, माह्या जागेवर काहून बसून राहिली? तुह्या नवऱ्यानं ढीग विकत घेतला काय?"

"जागेवर तुमचं नाव लिवलं हाय काय, मावशी?"

"मले काय विचारतं? तूच चार बुकं शिकली, तूच वाच."

बाकीच्या बाया हसायच्या आणि मी उठायचे. असं रोजचंच होतं.

ऐंशीच्या अलीकडे-पलीकडे एक साहेब कारखान्यात यायला लागला. तरुण इंजिनिअर होता, नागपूरचाच. त्याला सरकारच्या एका योजनेतून पाठवलं होतं. नवरा घरी येऊन सांगायचा त्यातून मला जे समजलं ते असं. खाणीतून निघणारा कोळसा सगळ्यांना पुरत नव्हता. रेल्वेचे वॅगन वेळेवर मिळत नव्हते. म्हणून सरकारनं ठरवलं की जो कारखाना तेवढंच लोखंड कमी कोळशात तापवून दाखवेल, त्याला कोळशाचे वॅगन आधी, आणि नव्या भट्टीसाठी कमी व्याजाचं कर्ज. जो दाखवणार नाही तो रांगेत मागे. रांगेत मागे म्हणजे बंद. आमच्या रोडवरचे एक-दोन कारखाने कोळशावाचून असेच बंद पडले होते, त्यांच्या फाटकावर वेल चढले होते.

मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, की हे ज्याच्या डोक्यातून निघालं त्याला सेठलोक बरोबर समजले होते. कोळसा कमी जाळा असा नुसता हुकूम आला असता, तर आमच्या सेठनं तो काचेत बसवून भिंतीला लावला असता आणि होतं तेच चालू ठेवलं असतं. वॅगनचं नाव काढल्याबरोबर त्याची झोप उडाली. आता टीव्हीवर रात्रंदिवस कार्बन, कार्बन ऐकते. तेव्हा हा शब्द आमच्याकडे कोणी बोलत नव्हतं. कोळसा म्हणायचे, धूर म्हणायचे. काम मात्र हेच होतं.

जुन्या भट्टीची गरमी धुराड्यातून नुसती वर जायची. वर गिधाडं घिरट्या घालायची त्या गरमीवर. साहेबानं भट्टी नव्यानं बांधून घेतली आणि धुराड्याच्या बुडाशी लोखंडी नळ्या बसवल्या. बाहेरची हवा त्या नळ्यांतून तापून जाळीखालून भट्टीत यायची. गरम हवा मिळाली की कोळसा पुरता जळतो, कमी लागतो, असं त्याचं म्हणणं. सरकारी प्रयोगशाळेत लहान भट्टीवर ते करून पाहिलेलं होतं. आता खऱ्या कारखान्यात दाखवायचं होतं. दाखवलं की दुसऱ्या कारखान्यांनाही तशीच भट्टी मिळणार होती.

नवी भट्टी पेटली त्या दिवशी नारळ फोडला, पेढे वाटले. आम्ही मागच्या दाराशी घमेली घेऊन उभ्या होतो. राखड पडली, आम्ही नेली, ढिगावर पसरली, आणि हात घातला तर आत काही नाही. नुसती पांढरी भुकटी. कडेला टाकलेलं आमचं फावडंसुद्धा जळून गेलं होतं. नव्या भट्टीत कडेलाही तेवढीच आच होती.

मावशीनं भिंतीवरून भट्टीवाल्यांना शिव्या घातल्या.

"ए गा मुडद्यांनो! राखुंडीनं दात घासू काय आता? माह्या नवऱ्याच्या हाताखाली शिकले अन् मलेच भुकटी देता?"

"मावशी, फावडं टाकलं ना वं! भट्टीच खाऊन राहिली, आमी काय करू?"

"मंग दोन टाक! हात मोडला काय तुहा?"

आम्ही सगळ्याच बोंबललो. मीही घरी नवऱ्याला तेच सांगितलं. भट्टीवाल्यांनी दोन फावडी टाकायला सुरुवात केली. त्यातलंही बरंच जळायचं, मग अजून. राख ओढायच्या आधी कडेला चांगला थर देऊन ठेवायचे, लगेच ओढायचे, म्हणजे बायांना काही मिळेल. त्यांच्या मनात चोरी नव्हती. बाईला रिकामं पाठवायचं नाही, एवढंच.

आणि तिकडे साहेबाचा हिशेब काही जुळेना. नव्या भट्टीला जवळजवळ जुन्या भट्टीएवढाच कोळसा लागत होता. तो बिचारा नळ्या खोलून बघायचा, पंखा बदलायचा, धुराड्यावर चढायचा. कपड्यांची पार काजळी करून घेतली त्यानं. सेठ त्याच्यामागे ओरडत फिरायचा. "साहब, दिल्लीवाले येऊन राहिले तपासाले. भट्टी फेल गेली तं माझे वॅगन गेले. कारखान्याले कुलूप लावून मी कुठी जाऊ?"

नवरा हे मला घरी येऊन सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "काय भट्टी बनवली बाप्पा, काहीच फरक नाई." खरं सांगते, ती दोन-तीन जादा फावडी आणि भट्टीचा हिशेब यांचा संबंध त्याच्या मनातच आला नाही. फावडं ही रीत होती. रीत कोणी कोळशात मोजतं काय? मलाही ते सुचलं नव्हतं.

एका दुपारी साहेब भिंत फिरून ढिगाकडे आला. एकटाच. नाकाला रुमाल होता, तो त्यानं काढून खिशात घातला आणि आमच्यासारखा उकिडवा बसला. माझ्या टोपलीतला एक तुकडा उचलला, दगडावर आपटून फोडला. आत चकचकीत काळा.

"हा जळालाच नाही," तो म्हणाला. "ही नव्या भट्टीचीच राख ना बाई?"

"हाव."

"मग हा कोळसा राखेत आला कुठून?"

मावशी म्हणाली, "देव देते साहेब."

साहेब हसला नाही. तो तुकडा हातात फिरवत बसला. त्याला समजत चाललं होतं, मला दिसत होतं. आज ना उद्या तो भट्टीजवळ उभा राहणार, राख ओढताना बघणार, आणि मग सेठ भट्टीवाल्यांवर पहारा बसवणार. नाहीतर तपासणी फेल जाणार आणि कारखान्याला कुलूप लागणार. दोन्हींकडून फावडं जाणारच होतं. त्याच्या बदल्यात काही मागता येणार होतं ते फक्त तपासणी होईपर्यंत. हे माझ्या डोक्यात तिथं बसल्या बसल्या आलं आणि मी बोलून टाकलं.

"साहेब, ते आमचं फावडं हाय."

बायांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी कोणाच्या घराला आग लावली. मी त्याला सगळं सांगितलं. मागावरचे धागे, शेवटचं फावडं, राखड उचलायचं काम, हजेरीत नसलेली नावं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. झाल्यावर म्हणाला, "हे थांबवावं लागेल."

"थांबते. पण आमी काय खाऊ, ते सांगा. राखड फुकट उचलून राहिलो इतकी वर्षं. फावडं बंद, तं आमाले हजेरीवर घ्या. सगळ्यायले."

"मी भट्टीचा माणूस आहे, बाई. योजनेत भट्टी आहे, कोळसा आहे, धूर आहे. तुम्ही नाही आहात."

"मंग टाका आमाले योजनेत."

तो उठला. जाता जाता थांबला. "एक आहे," म्हणाला. "या भट्टीला कोळसा एकसारखा फोडलेला पाहिजे, लिंबाएवढा. दगड वेचलेला, चुरी चाळलेली. मी पहिल्या दिवसापासून सेठजींना सांगतो आहे. ते माणसं लावायला तयार नाहीत."

"आमी माणसं नाई काय?"

या वेळी तो हसला.

संध्याकाळी नवऱ्याला बातमी आधीच मिळाली होती. तो दारात उभा होता, कपडेही बदलले नव्हते.

"अवं, तू काय करून राहिली? साहेबाच्या तोंडावर सांगतलं? उद्या मले काढलं तं?"

"तुमाले काढून दुसऱ्याले आणतील. तोबी आपल्यातलाच येईन, तोबी फावडं टाकन. साहेबाले ते कळते."

"तुले इचारलं होतं कोणी?"

"तुमी विचारा ना मंग. तुमाले तरी कुठं माहीत होतं भट्टी काहून फेल जाते?"

तो खाली बसला. माझा नवरा चांगला माणूस होता पण घाबरट. त्या दिवशी मात्र तो भीतीनं बोलत नव्हता. म्हणाला, "माह्या बापानं मायसाठी वीतभर धागा सोडला जन्मभर. घरात दाणा नसे तरी सोडला. मी नाई टाकलं तं हात कसा राहीन?"

"माग होता तवा रीत होती. माग राहिला काय?"

"मावशी काय करन वं? तुले मी हाय."

"त्याच्याचसाठी तं म्हणून राहिली. तुमच्या फावड्यानं मावशी अजून किती वर्षं गांधीबागेपर्यंत चालन?"

तो हात धुऊन पाटावर बसला. जेवला आणि झोपला.

दोन दिवसांनी आम्ही सगळ्या सेठच्या ऑफिसच्या दारात जाऊन उभ्या राहिलो, घमेल्यांसकट. साहेबानं त्याच्याशी आधी बोलणं केलेलं होतं. सेठ पंख्याखाली बसला होता तरी घामाघूम.

"इतकी वर्षं फुकटचा कोळसा नेला, वरून पगार पायजे? मी काय धर्मशाला उघडून बसलो?"

मी काही म्हणायच्या आधी मावशी पुढे झाली. "फुकट कोणं नेला गा सेठ? राखड कोण उचलते? तू उचलतं का तुहा मॅनेजर?"

मॅनेजर भिंतीकडे बघायला लागला. साहेबानं शांतपणे सेठला समजावलं, की फोडलेला, वेचलेला कोळसा भट्टीत गेला नाही तर फावडं बंद करूनही तपासणीत काठावरच राहू. सेठनं घड्याळात पाहिलं. मग म्हणाला, "ठीक आहे. जवान बायांले घेतो. कोळसा फोडतील, राखड उचलतील. बुढीले नाही. तिच्यानं हातोडा उचलवत नाही, माझ्यावर केस येईल."

मावशी दारातून एक पाऊल मागे सरकली. तिला मी पहिल्यांदाच गप्प पाहिलं.

"फावडं सगळ्यायचं होतं," मी म्हणाले. "हजेरीबी सगळ्यायची."

"तपासणी होऊ दे. मग बघू."

"बघू नाई. हो म्हणा."

"हो, बाई, हो! सगळ्या! जा आता."

त्यानं हो म्हटलं ते आम्हाला तिथून हाकलण्यासाठी, हे मला बाहेर पडतानाच कळलं. पण साहेबानं ते ऐकलं होतं, मॅनेजरनं ऐकलं होतं. तेवढं धरून आम्ही भट्टीवाल्यांना फावडं बंद करायला सांगितलं आणि कामाला लागलो. तपासणीचा कोळसा आम्ही फोडला, पगार ठरलेला नसताना. दगड बाजूला काढले, चुरी चाळली. मावशीला हातोडा जड जायचा, म्हणून ती दगड वेचायला बसली. बसल्या बसल्या आम्हाला शिव्या देत होती की तुम्ही लिंबू कधी पाहिलं नाही काय, हे तर पपई फोडून ठेवले.

तपासणीला दिल्लीचे आणि मुंबईचे साहेब आले. भट्टीला झेंडूची माळ, खुर्च्या, थंड सरबत. प्रत्येक गाडीतला कोळसा काट्यावर जोखून आत जायचा. दिवसभर ते चाललं. भट्टीवर माझा नवरा होता. आम्ही नेहमीसारख्या मागच्या राखदाराशी. तिथून भट्टीच्या पोटातून पलीकडे माणूस दिसतो, आगीच्या वरून.

राख ओढायची वेळ आली. नवऱ्यानं फावडं भरलं. मला वाटलं मधोमध टाकतो. पण त्याचा हात कडेकडे वळला. त्यानं ठरवून केलं नाही, हे मी शपथेवर सांगेन. इतक्या वर्षांची सवय होती, वेळ आली की हात जायचा. आमचा साहेब मोठ्या साहेबांच्या बाजूला उभा होता. त्यानं ते पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. सगळ्यांसमोर तो ओरडू शकत नव्हता. नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारायची आमच्यात रीत नव्हती, आणि दुसरं काय ओरडावं ते सुचेना.

"ए गा! नको टाकू! मले नको!"

मावशी राखदारातून आत वाकून ओरडली होती. तिच्या डोक्यावरचा पदर धगीनं पिवळा पडला. नवऱ्यानं दचकून फावडं मागे घेतलं. मग त्यातला कोळसा परत भट्टीसमोरच्या ढिगावर टाकला आणि राख ओढायला आकडी घेतली.

दिल्लीच्या साहेबानं विचारलं, ती म्हातारी काय म्हणते आहे? आमचा साहेब म्हणाला, "काही नाही सर. राखेचं काम करतात त्या. त्यांना राख स्वच्छ लागते."

भट्टी पास झाली.

सेठनं पेढे वाटले. वॅगन सुरू झाले. दुसऱ्या कारखान्यांचे मालक येऊन भट्टी बघून जायला लागले. हजेरीचं मात्र कोणी नाव काढेना. मॅनेजर म्हणे पुढच्या महिन्यात. सेठ म्हणे मोठ्या भावाला विचारून. ढिगावर आता टोपलीत फुंकर मारली तर सगळं उडून जायचं. मावशी रोज यायची, सावलीत बसायची आणि काहीही न वेचता परत जायची. तिनं माझ्याशी भांडणंही बंद केलं. ते मला सहन होईना.

एका सकाळी मी बायांना म्हणाले, "आजपासून राखड उचलायची नाई."

"अन् सेठनं हाकलून देलं तं?"

"कुठून हाकलते? हजेरीत नाव हाय काय आपलं?"

आम्ही राखदारासमोर घमेली पालथी घालून बसलो. पहिल्या दिवशी सेठनं लक्ष दिलं नाही. राखड साचत गेली. जुन्या भट्टीत साचली असती तर एवढं बिघडलं नसतं. नव्या भट्टीला हवाच जाळीखालून मिळायची. राखडीनं ती अडली, आच पडली, लोखंड लाल होईना. भट्टीवाले जास्त कोळसा टाकायला लागले. साहेबानं सेठला सांगितलं की असं चाललं तर पुढच्या तपासणीत वॅगन जातील. मॅनेजरनं बाहेरून हमाल आणले. ते गरम राखड बघून म्हणाले, यासाठी रोजी वेगळी, जोडे वेगळे, आणि दुपारी निघून गेले.

नवरा भट्टीवरून उतरून आमच्याजवळ आला. मला वाटलं उठ म्हणायला आला. तो म्हणाला, "पाणी पिता काय?" आणि त्याची कळशी आमच्यामध्ये ठेवून गेला. लोकांसमोर, सेठ खिडकीतून बघत असताना. घाबरट माणसासाठी ते पुष्कळ होतं.

शेवटी सेठ स्वतः आला. नाकावर रुमाल धरून. राखडीचा ढीग पाहिला, आम्हाला पाहिलं.

"उठा. नावं सांगा मॅनेजरले. सगळ्या." मग मावशीकडे न बघता, "बुढीबी."

"बुढी कोणाले म्हणतं गा?" मावशी म्हणाली. "तुहा बाप मले वहिनी म्हणे."

आम्ही तोपर्यंत उठलो नाही जोपर्यंत मॅनेजरनं रजिस्टर तिथं आणून प्रत्येकीचं नाव लिहिलं नाही. मी वाचून पाहिलं. चौथीचा तेवढा उपयोग झाला.

फावडं बंद झालं. त्याचं सुख-दुःख दोन्ही होतं, पण कोणी बोलून दाखवलं नाही. दिवसभर कोळशात बसून घरी सिगडीला कोळसा नाही, असं झालं. डेपोतून विकत आणावा लागला. धुराडं पहिल्यासारखं काळं ओकत नव्हतं. दोरीवरची धुतलेली लुगडी संध्याकाळपर्यंत बऱ्यापैकी राहायची. नवऱ्याचा हात मात्र बरीच वर्षं राख ओढायच्या वेळी रिकामं फावडं घेऊन कडेकडे जायचा आणि परत यायचा. दुसरे भट्टीवाले हसायचे. तो मला म्हणाला, "काय करू, हात ऐकत नाई." मी म्हणाले, "हात जाऊ द्या. कोळसा जाऊ देऊ नका."

कोळसा फोडायची जागा कारखान्याच्या आत होती, काट्याजवळ. वर पत्र्याचं छप्पर, त्यातल्या एकाच कोपऱ्यात वारा यायचा. हजेरी लागली त्या पहिल्या सकाळी मी लवकर गेले आणि त्या कोपऱ्यात दगड मांडून बसले. मावशी उशिरा आली. कमरेवर हात ठेवून समोर उभी राहिली.

"काय वं उमरेडवाली, माह्या जागेवर काहून बसून राहिली?"

मी हातोडा चालवत राहिले. या खेपेला मी उठले नाही. तिनं स्वतःचा दगड सरकवत आणला, माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि पहिल्याच गाडीतला कोळसा बघून म्हणाली, "हे पाह्य, अर्धे दगडच आणले मेल्यानं," आणि वेचायला लागली.